देखावा आणि देखाव्यामागची माणसे

यंदा उत्सवात मंडपाच्या एका बाजूला जुन्या फोटोंचा फलक लावायचे ठरले आणि "ज्यांच्याकडे फरीदाबादमधले सुरुवातीच्या दिवसांतले फोटो असतील त्यांनी ते गणेश चतुर्थीच्या आधी आणून द्यावेत" असा निरोप घरोघरी गेला. आम्हीही माळ्यावरची पेटी खाली काढली. काळ्या जाड पानांचा अल्बम, मध्ये बटर पेपर, कोपरे धरणारे कागदी त्रिकोण. नव्या पिढीला हे सगळे अजबच वाटते. त्यात एक फोटो सापडला. जानेवारी १९८३, संक्रांतीनंतरचा रविवार, बडखल तलाव. कारखान्यातल्या आम्हा सहा मराठी कुटुंबांची सहल. घरी विणलेले स्वेटर घातलेले आम्ही तरुण (हो, तेव्हा होतो!), पुढे सतरंजीवर बायका-मुले, पुरी-भाजीचे डबे, तिळाच्या वड्या. मागे तलावाचे पाणी आणि त्यामागे अरावलीच्या टेकड्या. फोटो एका मित्राच्या अॅगफा क्लिक-थ्री कॅमेऱ्यातला.

हा फोटो आमच्या घरात चाळीस वर्षांहून अधिक काळ आहे. कितीतरी वेळा पाहिला. पण आमचा नातू त्यावर बोट ठेवून म्हणाला, "आबा, मागे पहाडावर ते सफेद काय आहे?" चष्मा पुसून पाहिले. टेकडीच्या अंगावर पांढरट ओरखडा होता, उतारावरून खाली आलेला. "दगडाची खाण होती रे तिथे," मी म्हणालो. त्याचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही. एवढी वर्षे हा फोटो पाहत होतो, मग ती खाण कधी दिसली कशी नाही?

निवृत्तीनंतर जुन्या छायाचित्रांबद्दल वाचण्याचा मला नाद लागला आहे. त्या वाचनातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. डोंगर, नदी, घाट, किल्ला यांचे जुने फोटो आपण 'सुंदर देखावा' म्हणून पाहतो. पण तो देखावा कोणी, कोणासाठी, कोणाच्या खांद्यावर बसून टिपला आणि त्यातून कोणाला बाजूला सारले, हेही त्याच फोटोत लिहिलेले असते. फक्त ते वाचावे लागते. या लेखात तसे वाचण्याचा थोडा प्रयत्न केला आहे. सुरुवात लांबून आहे, पण शेवटी आपण बडखललाच येणार आहोत.

रस्ता रिकामा का दिसतो?

छायाचित्रणाची विद्या १८३९ साली पॅरिसमध्ये जगासमोर आली. तिच्या जनकांपैकी एक, लुई दागेर, याने त्याआधी १८३८ मध्ये एका खिडकीतून पॅरिसच्या हमरस्त्याचे चित्र घेतले होते. भर दिवसाची वेळ, रस्त्यावर गाड्याघोड्यांची वर्दळ. पण चित्रात रस्ता ओसाड! कारण साधे होते. चांदी चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला तेव्हा काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात जो हलला तो पुसला गेला. एक गृहस्थ मात्र उमटला, कारण बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी तो एका जागी उभा होता. छायाचित्रात सापडलेला हा पहिला माणूस, असे पुस्तकांतून सांगितले जाते. त्याच्या पायाशी बसून राबणारा पॉलिशवालाही त्या चित्रात आहे, पुसटसा. पण 'पहिला माणूस' म्हणून मान मिळतो तो उभ्या असलेल्या गृहस्थाला. छायाचित्रणाच्या जन्मापासून ही गोष्ट अशी आहे.

पुढे १८५१ मध्ये 'ओल्या काचे'ची पद्धत निघाली. काचेवर कोलोडियन नावाचे चिकट द्रव्य ओतायचे, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि सुकायच्या आत अंधारात धुवायची. म्हणजे फोटोग्राफरला जिथे जाईल तिथे काळा तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी न्यावे लागे. आपल्यासारख्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्यांना लगेच कळेल, की हा एका माणसाचा छंद नव्हे, हे फिरते वर्कशॉपच झाले. आणि वर्कशॉप म्हटले की हमाल आले.

आपल्याकडे ही विद्या फार लवकर पोचली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळात होते. पाठोपाठ १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. त्याच सुमारास कंपनी सरकारने कॅप्टन बिग्ज या अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या इमारतींची चित्रे घेण्याच्या कामावर नेमले. जिंकलेल्या मुलखाची मोजणी, नकाशे आणि खानेसुमारी यांच्या जोडीला आता फोटोही आले.

तेव्हा जुना देखावा हातात आला की तीन प्रश्न विचारावेत. यात कोण असायला हवे होते आणि दिसत नाही? जो दिसतो तो माणूस म्हणून उभा आहे की नुसते माप म्हणून? आणि चित्राखाली लिहिलेले नाव कोणी ठेवले आहे?

दिल्ली, १८५८

पहिला प्रश्न आपल्या दाराशीच विचारू. मेट्रोने आपण फरीदाबादहून कश्मीरी गेटला एका गाडीत जातो. त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाच्या स्टेशनाला बल्लभगडचे राजा नाहरसिंह यांचे नाव दिले आहे. १८५७ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल त्यांना ९ जानेवारी १८५८ रोजी चांदणी चौकात फाशी देण्यात आले. त्यानंतर पुढच्याच महिन्यात फेलिचे बियाटो नावाचा इटालियन वंशाचा छायाचित्रकार कलकत्त्याला उतरला. क्रिमियाच्या युद्धाची चित्रे काढून त्याने नाव मिळवले होते. आता त्याला हिंदुस्थानातल्या 'बंडा'च्या जागा टिपायच्या होत्या.

लखनौ, कानपूर, दिल्ली अशी त्याने भ्रमंती केली. दिल्लीत त्याने गोळ्यांनी फुटलेला कश्मीरी गेट टिपला, किल्ला टिपला आणि जामा मशिदीच्या मिनारावर चढून चहूबाजूंच्या शहराची सलग चित्रमालिका घेतली. ही चित्रे पाहताना पहिल्यांदा जाणवते ती शांतता. घरांची दाटी आहे, गच्च्या आहेत, पण शहरात माणूस जवळजवळ नाही. आपण म्हणू, चित्र उमटायला वेळ लागत होता, हलणारी माणसे पुसली गेली असतील. ते काही अंशी खरे आहे. पण दिल्लीच्या बाबतीत आणखी एक कारण होते. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी शहर परत घेतले तेव्हा रहिवाशांना शहराबाहेर हाकलून दिले होते. हिंदूंना आधी परत येऊ दिले, मुसलमानांना त्यानंतर बऱ्याच काळाने. बल्लीमारानमध्ये मागे राहिलेला मिर्झा गालिब आपल्या पत्रांतून ओस पडलेल्या गल्ल्यांबद्दल आणि गेलेल्या मित्रांबद्दल लिहीत होता. पुढे किल्ल्याभोवतीची दाट वस्ती पाडून तोफांच्या माऱ्यासाठी मैदान मोकळे केले गेले. आज लाल किल्ल्यासमोर जी ऐसपैस जागा दिसते आणि जिथे आपण पाहुण्यांना उभे करून फोटो काढतो, ती अशी तयार झालेली आहे.

म्हणजे बियाटोच्या चित्रातला रिकामेपणा काही प्रमाणात रसायनाचा आणि काही प्रमाणात संगिनीचा होता. चित्र दोन्हींत फरक करत नाही. तो पाहणाऱ्याने करायचा.

लखनौच्या सिकंदर बागेचे त्याचे चित्र तर जगभर गाजलेले आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये तिथे सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. बियाटो पोचला १८५८ च्या वसंतात, काही महिन्यांनी. तरी चित्रात अंगणभर हाडे आणि कवट्या विखुरलेल्या दिसतात. ती चित्रासाठी पुन्हा मांडली गेली असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्या चित्रात काही जिवंत हिंदी माणसेही उभी आहेत, पडक्या इमारतीसमोर, हाडांच्या पलीकडे. ती कोण होती, त्यांना काय सांगून उभे केले, उभे राहताना त्यांच्या मनात काय आले असेल? चित्र विकत घेणाऱ्या विलायतेतल्या गिऱ्हाइकाला हे प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. आपल्याला पडायला हवेत.

हिंदुरावांचे घर

आता तिसरा प्रश्न आधी घेऊ, नावाचा; कारण त्यात एक मराठी माणूस आहे.

उत्तर दिल्लीत रिजवर, म्हणजे अरावलीच्या अगदी उत्तर टोकाच्या कण्यावर, हिंदुराव हॉस्पिटल आहे. महानगरपालिकेच्या या मोठ्या इस्पितळात रोज रुग्णांची रीघ असते. 'बाडा हिंदूराव' नावाची वस्तीही दिल्लीत आहे. नाव ऐकून कित्येकांना हा कोणी स्थानिक जमीनदार असावा असे वाटते. हे हिंदुराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातले, सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव, दौलतराव शिंद्यांची पत्नी बायजाबाई हिचे भाऊ. बायजाबाईंना १८३३ मध्ये ग्वाल्हेर सोडावे लागले. इंग्रज रेसिडेंट विल्यम फ्रेझर याचा १८३५ मध्ये खून झाला आणि त्याची रिजवरची कोठी हिंदुरावांनी घेतली. जवळच अशोकाचा एक स्तंभ तुकडे होऊन पडलेला होता. त्याचे तुकडे हिंदुरावांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला दिले. पुढे ते परत आले आणि १८६७ मध्ये स्तंभ जोडून रिजवर पुन्हा उभा केला गेला. आजही तो तिथे पाहता येतो.

१८५७ च्या आधीच हिंदुराव वारले. त्या उन्हाळ्यात इंग्रज फौजेने रिजवर तळ दिला आणि ही कोठी त्यांची सर्वांत महत्त्वाची ठाणी बनली. मेजर रीडच्या हाताखालच्या सिरमूर पलटणीच्या गुरख्यांनी ती लढवली. शहरातून येणाऱ्या तोफगोळ्यांनी कोठीची चाळण झाली. १८५८ मध्ये बियाटोने त्या कोठीचे चित्र घेतले. मेजर टायटलर आणि त्यांची पत्नी हॅरिएट या जोडप्यानेही त्याच वर्षी दिल्लीतल्या अशा जागांची शेकडो चित्रे काढली.

या कोठीच्या चित्राचे नाव काय? 'हिंदू रावज् हाउस'. विलायतेत हे चित्र विकत घेणाऱ्याला हिंदुराव कोण हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्याला हवे होते ते गोळ्यांनी फुटलेल्या भिंतीचे दर्शन आणि 'आपल्या' शूरांची आठवण. कागलहून ग्वाल्हेर आणि ग्वाल्हेरहून दिल्ली असा प्रवास केलेला, पाहुणचारासाठी आणि शिकारीच्या शौकासाठी प्रसिद्ध असलेला तो मराठा सरदार चित्राखाली नावापुरता उरला, घर मात्र इंग्रजांच्या विजयाचे स्मारक झाले. नाव आपले, गोष्ट त्यांची!

त्याच रिजवर १८६३ मध्ये इंग्रजांनी 'म्यूटिनी मेमोरियल' बांधले. त्याच्यावरच्या मजकुरात आपल्या लोकांचा उल्लेख 'शत्रू' असा आहे. १९७२ मध्ये भारत सरकारने त्याला 'अजितगड' नाव दिले आणि एक नवी पाटी लावली. ज्यांना इथे शत्रू म्हटले आहे ते स्वातंत्र्यासाठी लढलेले हुतात्मे होते, अशा आशयाची. जुना मजकूर पुसला नाही, शेजारी दुसरा लिहिला. जुन्या फोटोंच्या बाबतीतही मला हाच मार्ग योग्य वाटतो. चित्र फाडायचे नाही, त्याच्या शेजारी राहिलेली ओळ लिहायची.

हिमालय आणि तीस खांदे

आता मधला प्रश्न, मापाचा. सॅम्युअल बोर्न हा नॉटिंगहॅमच्या बँकेतला कारकून. नोकरी सोडून तो १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला. सिमल्याला बस्तान बसवले आणि १८६३ ते १८६६ या काळात हिमालयाच्या तीन मोठ्या वाऱ्या केल्या. तिसऱ्या वारीत, १८६६ मध्ये, मनिरंग खिंडीत साडेअठरा हजार फुटांवर त्याने चित्रे घेतली. त्या उंचीवर ओली काच सांभाळणे हे काम किती कठीण असेल याची आपण कल्पना करू शकतो. त्याची चित्रे आजही पाहत राहावीत अशी आहेत. पुढे कोसळलेले झाड, मध्ये नदी, दूर बर्फाची रांग. इंग्रज चित्रकारांनी घरी बसून ठरवलेली 'सुंदर देखाव्या'ची जी घडी होती, ती त्याने हिमालयाला घातली.

पहिल्या वारीत त्याच्याबरोबर सुमारे तीस हमाल होते. तंबू, काचा, रसायने, खाण्यापिण्याचे सामान, सगळे त्यांच्या पाठीवर. विलायतेतल्या छायाचित्रणाच्या नियतकालिकात बोर्नने या प्रवासांची लांबलचक वर्णने लिहिली. थंडीने आणि ओझ्याने बेजार झालेले हमाल वाटेत पळून जात, गावात लपून बसत, आणि हा काठी घेऊन त्यांना शोधून बाहेर काढी, हे त्याने स्वतःच, कसलाही संकोच न बाळगता लिहिले आहे. कॅमेऱ्याचीही त्याने तोफेशी सांगड घातली. जेत्यांकडे तोफांखेरीज अशी यंत्रेही आहेत हे एतद्देशीयांना कळले, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे आहे.

त्याच्या चित्रांत कधीकधी एखादा माणूस कड्याच्या टोकावर किंवा पुलावर दिसतो. पाठमोरा, नखाएवढा. कडा किती उंच आहे ते कळावे म्हणून उभा केलेला, जसे आपण यंत्राच्या फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवतो. ती फूटपट्टी थंडीने कुडकुडत होती, तिचे घर खालच्या कुठल्यातरी गावात होते आणि कदाचित आदल्याच दिवशी तिने काठीचा मार खाल्ला होता, हे मात्र चित्रात येत नाही.

आपला भोर घाट

हे लिहिताना मला सारखा खंडाळ्याचा घाट आठवत होता. मुंबईहून पुण्याला जाताना आपण सगळेच खिडकीला नाक लावून बसतो. मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली हे शाळेत पाठ केले होते. पण गाडी दख्खनच्या पठारावर चढवणारा भोर घाट बांधायला १८५६ पासून १८६३ पर्यंत सात वर्षे लागली. २५ बोगदे, ८ मोठे पूल आणि ३७ फुटांना एक फूट असा चढ. कामाच्या ऐन भरात, १८६१ मध्ये, ४२,००० पर्यंत मजूर तिथे राबत होते. कॉलरा, ताप, सुरुंग, दरडी यांनी हजारो मजूर गेले. त्यांची नावनिशी कोणी ठेवली नाही. मजुरी थकल्यामुळे जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा मोठा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी मूळ कंत्राटदाराने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजारी पडून वारला, तेव्हा त्याची पत्नी अॅलिस हिने माणसे नेमून काम पुढे नेले.

घाटाची त्या काळची छायाचित्रे आहेत. कमानींचे पूल, खडकात कोरलेली वाट, इंजिन उलटे फिरवण्याचे स्टेशन, खाली कोकणची खोल दरी. इंजिनियर म्हणून ऊर भरून येतो. पण तीन प्रश्न विचारले की तीच चित्रे वेगळी दिसू लागतात. ४२,००० माणसे कुठे आहेत? अशा बहुतेक चित्रांत माणूस असलाच तर खांबाची उंची दाखवण्यापुरता. घाटाला कंपनीचे नाव लागले, उद्घाटन गव्हर्नर फ्रियर यांनी केले. घाटावर आणि कोकणात ज्या घरांतून ही माणसे गेली त्या घरांत कदाचित वर्षानुवर्षे एवढेच सांगितले गेले असेल, 'आजा रेल्वेच्या कामाला गेला तो परत आला नाही.'

हे सगळे गोऱ्यांच्या माथी मारून मोकळे व्हावे असे मात्र नाही. कॅमेरा आपल्या हाती आला तेव्हा आपणही पुष्कळदा त्याच डोळ्याने पाहिले. लाला दीनदयाळ रुरकीला शिकले, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले, होळकरांच्या उत्तेजनाने पुढे आले आणि पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. अफाट कौशल्याचा माणूस. त्यांच्या चित्रांत महाल आहेत, किल्ले आहेत, शिकारी आहेत. पण हाकारे घालणाऱ्यांची नावे तिथेही सापडणार नाहीत. पैसे मोजणाऱ्याला जे पाहायचे असते तेच चित्रात येते. हा नियम राणीच्या राज्यातही होता आणि संस्थानातही. आणि तो आमच्या सहलीतही होता.

पुन्हा बडखल

आता त्या पांढऱ्या ओरखड्याकडे येतो.

आमची सहल झाली त्याच्या अकरा महिने आधी, २५ फेब्रुवारी १९८२ रोजी, 'बंधुआ मुक्ती मोर्चा' या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले होते. फरीदाबाद जिल्ह्यातल्या दगडखाणींत कामगारांना अमानुष स्थितीत राबवले जाते आणि त्यांतले अनेक वेठबिगार आहेत, अशी तक्रार त्यात होती. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले, पाहणीसाठी वकिलांना खाणींवर पाठवले आणि आयआयटीतल्या डॉ. पटवर्धनांना सविस्तर अभ्यास करायला सांगितले. १६ डिसेंबर १९८३ रोजी न्या. भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला आणि सरकारला २१ निर्देश दिले. कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल आजही शिकवला जातो.

निकालपत्र मी अलीकडे वाचले. दगडावर दगड रचून केलेल्या भिंती, वर गवत, आत ताठ उभे राहता येणार नाही अशा झोपड्या. हवेत दगडाची भुकटी. प्यायला नाल्याचे पाणी. औषधपाण्याची सोय नाही. आणि हे कामगार कुठून आलेले होते? निकालात राज्यांची नावे आहेत: महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान. पहिले नाव वाचून मी चष्मा काढून ठेवला.

कारण मला ती सकाळ आठवली. आम्ही ओळीत उभे होतो, मित्र कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहत होता, आणि आमच्या मागून पायवाटेने दोन बायका डोक्यावर ओझे घेऊन चालल्या होत्या. अंगावर, लुगड्यावर, केसांवर पांढरी धूळ. मित्र हिंदीत ओरडला, "जरा हट जाओ, फोटो निकाल रहे हैं." त्यांतली एक थांबली. आमचे आपसातले बोलणे तिने ऐकले असावे. ती म्हणाली, "सरकते की दादा. घ्या तुमचा फोटू." आम्ही चकितच झालो! दिल्लीजवळच्या त्या उजाड टेकडीवर मराठी! आमच्यातल्या एका वहिनींनी विचारले, "कुठल्या गं तुम्ही?" "सोलापूरकडच्या," ती म्हणाली. वहिनींनी दोघींच्या हातावर तिळाची वडी ठेवली. त्या गेल्या, आम्ही पुन्हा ओळीत उभे राहिलो, फोटो निघाला.

आम्ही काही वाईट माणसे नव्हतो. नवीन गाव, नवीन नोकरी, 'आपली' माणसे शोधत होतो. म्हणून तर सहा कुटुंबे एकत्र आली होती. त्या दोघीही आपल्याच होत्या, भाषा तीच होती. पण त्या चौकटीत असाव्यात असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही. कॅमेऱ्याची चौकट हातभर डावीकडे सरकवण्याचा प्रश्न होता, तेवढाच. बोर्नच्या काठीबद्दल वाचताना मला राग आला होता. माझ्या अल्बममध्ये काठी नाही, तिळाची वडी आहे. पण चौकट तीच आहे.

पुढचे आपण सगळे जाणतो. डोंगर पोखरले गेले, पाण्याच्या वाटा तुटल्या आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात बडखल तलाव कोरडा पडला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि मग २००९ मध्ये अरावलीतल्या खाणकामावर बंदी आणली. पुढे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडून तलाव पुन्हा भरण्याची योजनाही हाती घेतली गेली. आपल्या सेक्टरांतल्या घरांच्या पायात आणि रस्त्यांच्या खडीत तो डोंगर आहे. त्या दोघींच्या हातचे दगडही कुठेतरी असतील.

एक विनंती

यंदाच्या फलकासाठी तो फोटो मी दिला आहे. त्याच्या मागे आम्हा सगळ्यांची नावे लिहिली आहेत आणि खाली एक ओळ जोडली आहे: 'फोटो काढण्याआधी सोलापूरकडच्या दोन खाणकामगार बायकांना आम्ही बाजूला व्हायला सांगितले. नावे विचारली नाहीत.' फलक लावणाऱ्या मुलांना ही ओळ पुढच्या बाजूला, फोटोच्या शेजारी लावायला सांगितली आहे. अजितगडच्या पाटीसारखी.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुने फोटो असतील त्यांनीही एवढे करावे. फोटोमागे साल लिहा, जागा लिहा आणि फोटो कोणी काढला तेही लिहा. चौकटीच्या बाहेर कोण होते ते आठवत असेल तर तेही लिहा: सामान वाहणारा, सतरंजी अंथरणारी, गाडी चालवणारा. आपण गेल्यावर हे सांगणारे कोणी उरणार नाही.

आणि एक गोष्ट यंदाच करता येईल. गणपतीत आपण देखावा करतो. आरतीला फोटो निघतात, पाहुण्यांचे निघतात, बक्षीस समारंभाचे निघतात. मंडप बांधणारे बिहारी कारागीर, रात्रभर विजेच्या माळा जोडणारा मुलगा, महाप्रसादाची भांडी घासणाऱ्या बायका आणि सकाळी आपल्या आधी येऊन मैदान झाडणारा माणूस यांचा एक फोटो स्थापनेच्याच दिवशी, बाप्पासमोर, नावे विचारून काढू या. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत तो पहिल्या पानांत छापावा, अशी संपादक मंडळाला माझी विनंती आहे.

गणपती बाप्पा मोरया!